डानबो: डेन्मार्कचं रोजचं चीज कसं निवडायचं, कापायचं आणि खायचं

डेन्मार्कला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या माणसाची डानबोशी गाठ पडायला फार दिवस लागत नाहीत. शुक्रवारी सकाळी ऑफिसात सगळ्यांचा मिळून नाश्ता असतो. टेबलावर ब्रेड, लोणी, जॅम आणि पिवळसर चीजचा एक चौकोनी ठोकळा, शेजारी तारेचा कटर. तो ठोकळा बहुतेक वेळा डानबोचाच असतो. गाईच्या दुधाचं, मध्यम घट्ट, बारीक डोळे (छिद्रं) पडलेलं हे चीज तिथल्या घराघरांत रोज खाल्लं जातं. त्याचं कुणाला कौतुक नसतं आणि त्याच्यावाचून कुणाचं चालतही नाही.

नव्या लोकांच्या मात्र त्याच्याबद्दल दोन उलट्या तक्रारी असतात. एकाचं म्हणणं, ‘काही चवच नाही, नुसतं रबरी लागतं.’ दुसऱ्याचं म्हणणं, ‘पाकीट उघडलं आणि घरभर असा वास सुटला की तोंडात घालायची हिंमत झाली नाही.’ दोघंही खरंच बोलत असतात. एकाने चार-सहा आठवड्यांचं डानबो आणलेलं असतं, दुसऱ्याने जवळजवळ वर्षभर मुरलेलं. या चीजचं वय विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल मत देऊ नये. पुढची सगळी माहिती या एका गोष्टीभोवतीच फिरते.

एक सूचना आधीच देतो. खाली डॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे लिहिलेले नाहीत, पाकिटावर जशी अक्षरं दिसतात तसे लिहिले आहेत. दुकानात ते ओळखता यावेत एवढाच हेतू. उच्चाराच्या वाटेला मी जात नाही, डॅनिश माणूस निम्मी अक्षरं गिळून टाकतो.

हे चीज आलं कुठून

१८८२ साली पश्चिम युटलंडमधल्या येडिंग गावात शेतकऱ्यांनी डेन्मार्कमधली पहिली सहकारी डेअरी काढली आणि काही वर्षांत अशा डेअऱ्या देशभर झाल्या. वारणा किंवा गोकुळच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगायला नको. पण त्या काळात डेअऱ्यांचं सगळं लक्ष लोण्यावर होतं. लोणी इंग्लंडला जायचं, मलई काढलेलं दूध डुकरांना जायचं आणि चीज हा दुय्यम धंदा होता. फ्यून बेटावरच्या किर्केबी डेअरीतल्या रास्मुस निएल्सन यांनी १८९६ च्या सुमारास परदेशातल्या चीजचा अभ्यास करून जे चौकोनी चीज बनवायला घेतलं, त्यातून आजचं डानबो घडलं.

तेव्हा त्याला डानबो म्हणत नव्हते. ‘डॅनिश स्टेप चीज’ असं उसनं नाव होतं. १९५१ मध्ये इटलीतल्या स्ट्रेझा इथे युरोपातले काही देश चीजच्या नावांबाबत एक करार करून बसले आणि त्यानंतर डेन्मार्कने आपल्या चीजना स्वतःची नावं दिली. डानबो, साम्सो, मारिबो, हावार्ती ही नावं त्या वेळची. २०१७ मध्ये डानबोला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे संघात आता डेन्मार्कमध्ये बनलेल्या चीजलाच हे नाव लावता येतं. संघाबाहेर मात्र सगळीकडे तसं बंधन नाही. अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये स्थानिक डानबो भरपूर बनतं आणि खपतं. तेव्हा भारतात, आखातात किंवा अमेरिकेत ‘डानबो’ दिसलं तर ते कुठल्या देशात बनलंय ते मागच्या बाजूला वाचून घ्या.

वास येतो कुठून

हे कळलं की अर्धी भीती जाते, म्हणून थोडं सविस्तर.

पाश्चराइज केलेल्या दुधात विरजण आणि रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) घालून दही लावतात, ते कापून त्याचे बारीक दाणे करतात. मग निवळीतला काही भाग काढून त्याजागी गरम पाणी घालतात. या धुण्यामुळे दुधातली साखर बरीच निघून जाते, पुढे आंबटपणा कमी तयार होतो आणि चीज गोडसर, लोण्यासारख्या चवीचं राहतं. विरजणातले काही जिवाणू वायू सोडतात, त्यातून वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान गोल डोळे पडतात. दाबून ठोकळा झाला की तो मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात.

इथपर्यंत वासाचा काही संबंध नाही. तो येतो पुढच्या पायरीत. ठोकळे उबदार, दमट खोलीत ठेवून त्यांच्या पृष्ठभागावर जिवाणूंचं खारं पाणी फासतात. त्यात ‘ब्रेव्हिबॅक्टेरियम’ कुळातला एक जिवाणू असतो. तो वरून नारिंगी-तांबूस, चिकट थर धरतो आणि प्रथिनं मोडताना गंधकाचे वायू सोडतो. याच कुळातले भाऊबंद माणसाच्या त्वचेवर राहतात. घामट मोज्यांच्या वासाची जी आठवण येते ती उगाच नाही.

पण हा कारभार सालीवर चालतो. सालीपासून आत जाताना वास झपाट्याने कमी होतो आणि चव मात्र आतपर्यंत पोचलेली असते. नाक साल हुंगतं, जीभ गाभा चाखते. म्हणून पाकीट उघडल्या उघडल्या नाक लावून निकाल देऊ नका. साल कापा, ताटलीत एक पातळ काप घ्या, मग ठरवा.

पायरी पहिली: पाकीट वाचा

नेट्टो, रेमा १०००, फोटेक्स, लिडल, कुठल्याही सुपरमार्केटात गेलात तरी चीजची भिंत समोर उभी राहते. पुढच्या बाजूला ‘रीबरहूस’, ‘क्लोवबोर्ग’ अशी ब्रँडची नावं मोठी असतात, ‘डानबो’ हा शब्द अनेकदा लहान अक्षरांत असतो. नुसतं ‘स्केरेओस्ट’, म्हणजे कापायचं चीज, एवढंच लिहिलेलंही दिसेल.

आता वय बघा. ‘मिल्ड’ म्हणजे कोवळं. ‘मेलेमलाग्रेट’ म्हणजे मधलं. ‘लाग्रेट’ म्हणजे मुरलेलं. ‘एक्स्ट्रा लाग्रेट’ म्हणजे चांगलंच मुरलेलं, आणि ‘गामेल ओस्ट’ म्हणजे म्हातारं. या शब्दांचा अर्थ कंपनीगणिक थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून पाकिटावर आठवड्यांचा आकडा दिला असेल (‘उगर’ म्हणजे आठवडे) तर विशेषणापेक्षा त्या आकड्यावर विश्वास ठेवा.

पहिल्या खरेदीला माझा सल्ला स्पष्ट आहे: मेलेमलाग्रेट घ्या. नवखा माणूस घाबरून मिल्ड उचलतो आणि तिथेच फसतो. मिल्ड लहान मुलांच्या डब्याला आणि टोस्टवर वितळवायला ठीक आहे, पण त्यावरून डानबोची काही कल्पना येत नाही. मेलेमलाग्रेटमध्ये लोण्याची गोडी असते आणि मागून येणारी हलकी तिखट-खारट झाकही असते. महिनाभर ते अंगवळणी पडलं की लाग्रेटकडे वळा.

दुसरा आकडा असतो ३०+, ४५+ किंवा ६०+. हे चीजमधल्या स्निग्धांशाचं थेट प्रमाण नव्हे. चीजमधलं पाणी वजा केल्यावर जो कोरडा भाग उरतो, त्यात शेकडा किती स्निग्धांश आहे ते हा आकडा सांगतो. डानबोत पाणी बरंच असतं, म्हणून ४५+ मध्ये प्रत्यक्षात स्निग्धांश निघतो साधारण २५-२६ टक्के आणि ३०+ मध्ये १६-१७ टक्के. ‘पंचेचाळीस टक्के फॅट!’ म्हणून दचकून ३०+ घेणारे बरेच असतात. पथ्य असेल तर जरूर घ्या, नाहीतर ४५+ च. ३०+ चा काप वाकवला की चिरतो आणि तोंडात कोरडा फिरतो.

पाकिटावर ‘कोमेन’ दिसलं तर आत विलायती शहाजिरे आहेत. चीजबरोबर ते छान जमतात. आपलं जिरं म्हणजे तिथलं ‘स्पिड्सकोमेन’, ते वेगळं, मसाल्यांच्या फळीवर मिळतं.

शाकाहारी असाल तर इथे थांबा

चीज दुधाचं, म्हणजे शाकाहारी, असं गृहीत धरू नका. दूध घट्ट करणारं रेनेट पूर्वी वासराच्या जठरातून काढत असत आणि काही चीजमध्ये अजूनही तेच वापरतात. गंमत म्हणजे रेनेटचा हा धंदा ठरावीक मापात बाटलीत आणला तो डॅनिश माणसानेच. क्रिस्टियन हान्सन यांनी १८७४ मध्ये कोपनहेगनमध्ये काढलेली कंपनी विरजण आणि रेनेटच्या व्यापारात जगभर पोचली. २०२४ मध्ये ती दुसऱ्या एका डॅनिश कंपनीत विलीन झाली आणि आता नोव्होनेसिस या नावाने चालते.

घटकांच्या यादीत ‘ओस्टेलोबे’ हा शब्द शोधा. त्याच्याआधी ‘मिक्रोबिएल’ असेल तर रेनेट सूक्ष्मजीवांपासून केलेलं आहे, शाकाहाऱ्यांना चालेल. ‘व्हेजेटाब्ल्स्क’ असेल तरी हरकत नाही. नुसतंच ‘ओस्टेलोबे’ असेल तर काहीही असू शकतं. ज्यांना अडचण आहे त्यांनी ते पाकीट परत ठेवावं किंवा कंपनीला ईमेल करावा, डॅनिश कंपन्या अशा प्रश्नांना सरळ उत्तरं देतात. अंडंही वर्ज्य असेल तर ‘लिसोझिम’ हा शब्द डोळ्यांत तेल घालून शोधा. काही घट्ट चीजमध्ये ते घालतात, ते अंड्याच्या पांढऱ्यापासून बनतं, आणि ॲलर्जीच्या नियमामुळे त्याच्याजवळ ‘एग’ असा उल्लेख करावाच लागतो.

पायरी दुसरी: बाहेर काढून ठेवा

फ्रीजमधून काढून थेट तोंडात टाकलेलं डानबो निम्मंच लागतं. थंडीत त्यातला स्निग्धांश घट्ट असतो, चव मोकळी होत नाही. अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. लाग्रेट असेल तर तासभर ठेवायलाही हरकत नाही. फक्त जेवढं लागणार तेवढाच तुकडा काढा, सगळा ठोकळा रोज आत-बाहेर केला तर कडा घामेजून चिकट होतात.

पायरी तिसरी: कापणं, आणि कापण्याची शिस्त

नॉर्वेत चीज किसणीसारख्या फटीच्या पात्याने कापतात. डेन्मार्कमध्ये तारेचा कटर जास्त चालतो. एक दांडा, त्याच्या टोकाला छोटा रूळ आणि त्याला समांतर ताणलेली तार. रूळ ठोकळ्यावर टेकवायचा आणि आपल्याकडे सरळ ओढायचा. तार चीजमध्ये शिरते, काप वर उचलला जातो. मऊ मिल्डला ही तार फार सोयीची, पात्याला ते चिकटतं. एक्स्ट्रा लाग्रेट कधीकधी ठिसूळ असतं, त्याला पातळ सुरी बरी.

काप साधारण दोन-तीन मिलिमीटरचा. सुरुवातीला कापायच्या आधी बाजूची साल सुरीने काढून घ्या. ठोकळ्यावर मेण किंवा प्लॅस्टिकचा लेप असेल तर तो खायचा नसतोच. लेप नसला तरी अनेक पाकिटांवर साल खाऊ नये असं लिहिलेलं असतं, कारण बुरशी धरू नये म्हणून तिच्यावर प्रक्रिया केलेली असते.

आता शिस्त. तार ओढताना नवशिक्याचा हात पुढच्या टोकाला जास्त दाब देतो. दहा-बारा कापांनंतर ठोकळ्याची एक बाजू उंच राहते, दुसरी खाली जाते आणि त्याची घसरगुंडी होते. ऑफिसच्या टेबलावर हे झालं की कुणी काही बोलत नाही, पण पुढचा माणूस मुकाट्याने उंच बाजूचे दोन-तीन जाड काप काढून ठोकळा सपाट करतो. तुम्हाला ते काप खायला मिळतात, एवढीच शिक्षा. उपाय सोपा आहे: एक काप काढला की ठोकळा फिरवा आणि पुढचा उलट बाजूने काढा.

पायरी चौथी: कशाबरोबर

सकाळी सगळ्यात सोपं. ताजा पाव, म्हणजे ‘रुंडस्टिके’ किंवा ‘बोले’, आडवा कापायचा, लोणी लावायचं, वर डानबोचा एक काप. लोणी कंजूषपणे लावायचं नाही. चावल्यावर त्यात दातांचे ठसे उमटले पाहिजेत इतकं जाड लावण्याची तिथे रीत आहे. चीजखाली लोणी कशाला, असं वाटेल. एकदा लोणी न लावता खाऊन बघा, पावाचा कोरडेपणा आणि चीजचा खारटपणा दोन वेगवेगळ्या दिशांना जातात. वर स्ट्रॉबेरीचा जॅम लावणारेही खूप आहेत. मेलेमलाग्रेटवर हा जॅम मला स्वतःला आवडतो, मिल्डवर तो फक्त गोड लागतो.

दुपारी ‘रुगब्रोड’. रायचा काळसर, आंबूस, बियांनी भरलेला हा ब्रेड पहिल्या दिवशी फार जड वाटतो, पण लाग्रेट डानबोचा खरा जोडीदार तोच. ब्रेडचा आंबटपणा चीजची तीव्रता पोटात घेतो. पातळ काप, भरपूर लोणी, वर मुळ्याच्या चकत्या किंवा लाल ढोबळी मिरचीचे तुकडे. मुळा म्हणजे तिथले छोटे लाल मुळे, आपल्या पांढऱ्या मुळ्याचा उग्रपणा इथे भारी पडतो.

आपल्या घरातली भर घालायची तर माझं मत हिरव्या मिरचीच्या ठेच्याला. टोस्टवर मेलेमलाग्रेट वितळवायचं आणि बाहेर काढल्यावर वरून अगदी थोडा ठेचा लावायचा. लसूण जास्त असलेला ठेचा नको, चीजची स्वतःचीच लज्जत त्यात बुडून जाते. लाग्रेट आणि त्यापुढच्या वयाच्या चीजला ठेच्याच्या जवळपासही नेऊ नका, दोन्ही दांडगट.

संध्याकाळी पाहुणे असतील तर चीजचं ताट मांडतात: द्राक्षं, अक्रोड, कुरकुरीत बिस्किटं आणि दोन-तीन प्रकारचं चीज. खाताना कोवळ्यापासून सुरुवात करून जुन्याकडे जायचं. उलटं गेलात तर पुढच्या चीजची चव लागणारच नाही.

म्हाताऱ्या चीजची पाळी

पारंपरिक डॅनिश जेवणाच्या टेबलावर क्रम ठरलेला असतो. आधी हेरिंग मासा, मग बाकीचे मासे, मग गरम मांसाचे पदार्थ आणि सगळ्यात शेवटी चीज. कोपनहेगनमध्ये १८७७ पासून चाललेल्या ‘शोनेमान’सारख्या जुन्या स्मोरेब्रोडच्या (ब्रेडच्या एकाच कापावर रचलेल्या उघड्या सँडविचच्या) खाणावळींमध्ये हा क्रम अजून पाळतात. शेवटी येणारं हे चीज मुरलेलं, कडक वासाचं असतं.

त्याचं अस्सल रूप असं: रुगब्रोडचा काप, त्यावर डुकराची चरबी, त्यावर जुन्या चीजचे जाड काप, वर मांसाच्या रसाची गोठवलेली काळपट जेली, कच्च्या कांद्याच्या चकत्या आणि शेवटी रमचे दोन-चार थेंब. सोबत गार स्नॅप्सचा, म्हणजे कडक दारूचा, छोटा पेला. वाचताना हा ढीग विचित्र वाटतो. खाताना मात्र प्रत्येक थराचं काम कळतं. चरबी चीजचा तिखटपणा गुळगुळीत करते, कांदा तो कापतो, जेली खारट ओलावा देते आणि रम वासाला गोड वळण देते.

शाकाहाऱ्यांनी इथे सावध राहावं. मेनूवर फक्त ‘गामेल ओस्ट’ लिहिलेलं असतं, चरबी आणि जेलीचा उल्लेख असेलच असं नाही. मागवताना ‘उडेन फेड्ट ओग स्क्यू’, म्हणजे चरबी आणि जेलीशिवाय, असं सांगा. इंग्रजीत सांगितलं तरी चालतं. घरी करायचं तर चरबीऐवजी लोणी, जेली वगळायची, कांदा आणि रम तसंच ठेवायचं. चवीत फरक पडतो, पण मजा बरीचशी राहते. दारू नको असेल तर रमही वगळा आणि कांद्यावर ताजी हालीमची कोवळी पानं टाका, ती तिथे सुपरमार्केटात छोट्या डब्यात उगवलेली मिळतात.

ठेवायचं कसं

डानबो फ्रीजमधल्या बाकीच्या पदार्थांना आपला वास देतं आणि त्यांचा वास घेतंही. उघडल्यावर बेकिंगच्या कागदात सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. नुसत्या घट्ट प्लॅस्टिकमध्ये ते घुसमटतं, पृष्ठभाग ओशट होतो आणि वास अमोनियाकडे झुकतो. मुरलेल्या चीजला स्वतंत्र डबा द्या आणि त्याच कप्प्यात मळलेली कणीक किंवा दही उघडं ठेवू नका. शेअरिंगच्या घरात राहत असाल तर हे जरा काटेकोरपणे पाळा, फ्रीजवरून होणारी भांडणं टिकाऊ असतात.

कोपऱ्यावर बुरशीचा ठिपका दिसला तर त्याच्या आजूबाजूचं आणि खालचं चांगलं दोन-अडीच सेंटिमीटर चीज कापून टाका, उरलेलं वापरता येतं. कापलेल्या चकत्यांच्या पाकिटात बुरशी दिसली तर मात्र सगळं फेका.

फ्रीझरमध्ये ठेवलेलं डानबो नंतर भुसभुशीत होतं, काप निघत नाहीत. असं चीज आणि ठोकळ्याची कापता न येणारी शेवटची टोकं किसून फ्लॉवर किंवा बटाट्याच्या बेक केलेल्या भाजीवर टाका. ४५+ छान वितळतं, ३०+ कडक कवच धरतं.

नंतर काय

लाग्रेट आवडायला लागलं की पुढचं दार एस्रोम. हे जास्त मऊ, जास्त ओलं आणि वासाला डानबोपेक्षा एक पाऊल पुढे. त्याचं नाव उत्तर शेलंडमधल्या बाराव्या शतकातल्या मठावरून आलंय. वासाचा कंटाळा आला असेल तर हावार्ती घ्या, कोपनहेगनच्या उत्तरेला हान्ने निएल्सन या बाईंनी एकोणिसाव्या शतकात आपल्या हावार्तीगोर शेतावर चीजचे जे प्रयोग केले त्यांच्या स्मरणार्थ ते नाव दिलंय. आणि निळ्या बुरशीचं चालत असेल तर दानाब्लू, तेही गाईच्याच दुधाचं. ते खारट आणि धारदार असतं, त्याच्याबरोबर पिकलेल्या पेअरच्या फोडी ठेवा आणि सुरुवातीला नखाएवढाच तुकडा घ्या.